तत्रैव

"ही येलदी कोण?"

हरसूलकर सरांनी माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्क्रीनवर बोट टेकवलं. काचेवर ठसा उमटला. माझे हात कीबोर्डवर होते, ते तसेच राहिले.

"ही हो, चार नंबरच्या तळटिपेतली. येलदी, राजेश्वरी. कोण आहे ही?"

मेहजबीन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. पेपर तिनं लिहिलेला, विड्या वळणाऱ्या बायकांच्या लेखनावर. सर तिचे पीएचडीचे गाईड. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "सर, लेखिका आहेत. इथल्याच, सोलापूरच्या. आधी विड्या वळायच्या. त्यांचं पुस्तक आहे, 'भिजलेलं पान'."

"पुस्तक!" सर हसले. "प्रकाशक कोण?"

"स्वतःच."

"स्वतःच. म्हणजे कुणीच नाही."

येलदी राजेश्वरी म्हणजे मी.

सरांना ते ठाऊक नव्हतं. ते कॉलेजातून येताना नेहमी दुकानात शिरायचे, 'बाई, एवढं जरा लवकर' म्हणायचे आणि जायचे. दुकानावर पाटी मालकाच्या नावाची. मी त्या पाटीखाली बसून पोराटोरांचे प्रबंध टाईप करणारी बाई. बाईला आडनाव असतं, हे विचारायची गरज त्यांना कधी पडली नाही.

पुस्तकाचं सांगते. सातवीला शाळा सुटली आणि मांडीवर सूप आलं. सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. सोलापूरच्या आमच्या पूर्वभागात घरोघर तेच. पुढं नवऱ्याचं आणि माझं फिसकटलं, तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला जाऊन बसले. बोटं वळायला शिकलेलीच होती, कळा बडवायला वेळ लागला नाही. लोकांचे प्रबंध टाईप करता करता लक्षात आलं, की ह्यातली निम्मी माणसं आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींवर लिहितात. मग मला माहीत असलेलं मी का लिहू नये? लिहिलं. स्वतःच छापलं. झेरॉक्स मशीनशेजारी गठ्ठा ठेवला. त्या गठ्ठ्यावर लोक पिशव्या ठेवायचे.

मेहजबीननं पिशवी उचलून पुस्तक उचललं. घरी जाऊन तिच्या आईला वाचून दाखवलं. तिची आईही विड्याच वळायची. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "अक्का, अम्मी बोलली, ये तो मेरीच बात है, इस औरत को कैसे मालूम?" आणि पेपर लिहायला घेतला. माझ्या पुस्तकावर दुसऱ्या कुणी दोन ओळी लिहायची ती पहिली वेळ.

तिनं आणून दिलेल्या कागदावर माझं नाव मी पहिल्यांदा तसं पाहिलं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. येलदी, राजेश्वरी. असं उलटं नाव शाळेच्या हजेरीत घ्यायचे. बाई पुकारायच्या आणि मी ओरडायचे. शाळा सुटल्यापासून त्या क्रमानं मला कुणी हाक मारली नव्हती.

आता त्याच नावावर सरांचं बोट होतं.

"काढा हे," सर म्हणाले.

"सर, पण सगळी अवतरणं त्यातलीच आहेत," मेहजबीन म्हणाली.

"अवतरणं राहू द्या. छान आहेत, जिवंत आहेत. वर लिहा, 'एका विडी कामगार स्त्रीचे निवेदन'. पण संदर्भ म्हणून असल्या चोपड्या द्यायच्या नसतात. उद्या कुणीही काहीही छापेल आणि म्हणेल मला संदर्भ म्हणून घ्या. विद्यापीठात शोभतं का? चर्चासत्राला बाहेरून माणसं येणार आहेत."

मी खुर्ची फिरवली. मी गप्प बसणाऱ्यातली बाई नाही. कारखान्यात चेकर होता, तो सुपातल्या विड्या उचलायचा, आवडल्या नाहीत तर 'छाट' म्हणून बाजूला फेकायचा. छाट म्हणजे बाद. त्या विडीची मजुरी मिळायची नाही, आणि गंमत म्हणजे ती विडी परतही मिळायची नाही. कारखानदार ती विकायचाच. मी त्या चेकरच्या तोंडावर विचारलं होतं, बाद आहे तर माझी मला दे, तुझ्याकडं कशाला ठेवतो? त्याच तोंडानं मी सरांना विचारणार होते.

टेबलाखाली मेहजबीनचा पाय माझ्या पायावर आला. जोरात. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. तिचा प्रगती अहवाल सरांच्या ब्यागेत होता. त्यावर सरांची सही झाली नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. पोरगी शिवणकाम करून शिकत होती. तिच्या घरात पुस्तक हातात धरणारी ती पहिली.

मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी ते फार थोड्या वेळा केलंय.

"मग चार नंबरला काय टाकू?" मी विचारलं. 

"माझा ग्रंथ टाका. 'श्रमसौंदर्य : एक आकलन'. हरसूलकर, प्रभंजन. श्रमाच्या विषयावर मराठीत तोच आधारभूत आहे."

"पान?"

"टाका... प्रस्तावनेतलं टाका. पान सात."

मी टाकलं. येलदी पुसताना कर्सर एकेक अक्षर मागं येत खात गेला. री, श्व, जे, रा. मी मुद्दाम एकदम सगळं निवडून नाही उडवलं. मला बघायचं होतं.

हरसूलकर, प्रभंजन, श्रमसौंदर्य : एक आकलन, पृ. ७.

आता ऐका, सगळा घोळ इथं आहे. चार नंबरला माझं नाव आणि पुस्तक पूर्ण लिहिलेलं होतं. त्याच्या खाली पाच, सहा, सात, अशा सगळ्या टिपांत नुसतं लिहिलं होतं, 'तत्रैव, पृ. १७', 'तत्रैव, पृ. ३१'. तत्रैव म्हणजे तिथंच. वर जे पुस्तक सांगितलं त्याच पुस्तकात. मराठी प्रबंधवाल्यांची ही जुनी चाल. पुन्हा पुन्हा नाव लिहायचा कंटाळा, म्हणून तत्रैव. वरचं नाव बदललं, की खालच्या सगळ्या तत्रैवांचा बाप बदलतो.

मी म्हटलं, "सर, खालचे तत्रैव—"

"बाई," सर घड्याळ बघत म्हणाले, "तुम्ही टायपिंग करा. संशोधन आम्हाला करू द्या."

"अहो पण वरचं बदललं की खालचं—"

"खालच्या कशालाही हात लावायचा नाही. जिथल्या तिथं राहू द्या. मागच्या वेळी तुमच्याच दुकानात कुणीतरी माझे आकडे हलवले होते. आणि हो, लेखकांत माझं नाव आधी. पेपर मीच वाचणार आहे. मेहजबीन, तू समोर बस, शिकायला मिळेल."

ब्याग काखेत मारून गेले. सही न करताच गेले. 'चर्चासत्र झालं की बघू,' एवढं दारातून म्हणाले.

मी मेहजबीनवर घसरले. "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस का गं? माझ्या समोर माझं नाव पुसलालंय तो माणूस, आणि तू माझाच पाय दाबलालीस?"

"अक्का, सही राहिलीय."

"सही राहिलीय! माझे शब्द चांगले, मी वाईट. पुस्तकातलं माझं बाळंतपण ह्यांना चालतं, माझं आडनाव चालत नाही. कारखान्यातला चेकर बरा होता की, तो तोंडावर तरी छाट म्हणायचा."

"मला कळत नाही का?" ती एकदम ओरडली. दुकानात झेरॉक्स काढायला आलेली दोन पोरं वळून बघायला लागली, तसा आवाज खाली आणला. "तुम्हाला बोलायला काय जातंय अक्का? तुमचं पुस्तक छापून झालं. माझं अजून काहीच झालं नाही. मी काय करू, अम्मीसोबत परत सुपावर बसू?"

मी पाणी प्याले. तिलाही दिलं.

मग मी स्क्रीन तिच्याकडं वळवली. "हे बघ. पाच नंबर. तत्रैव, पृष्ठ सतरा. हे आता कुणाचं झालं?"

ती वाचत गेली. पाच, सहा, सात. ओठ हलत होते. मग ओठ थांबले.

"बदलू का?" मी विचारलं. "प्रत्येक तत्रैव काढून तिथं 'निवेदन' टाकते. कुणाला काही कळणार नाही. तुझ्या सरांची अब्रू राहील, तुझी सही होईल. तू म्हण, मी करते. तुझ्यासाठी करते, त्याच्यासाठी नाही."

खरंच केलं असतं. चरफडत केलं असतं, पण केलं असतं.

मेहजबीननं ओढणीचं टोक बोटावरून सोडलं. त्याच बोटानं ती तत्रैवांच्या रांगेवरून वरून खाली गेली.

"सर काय म्हणाले, अक्का?"

"कशालाही हात लावायचा नाही."

"मग नका लावू," ती म्हणाली. "काढा प्रिंट."

चर्चासत्र सरांच्याच कॉलेजच्या सभागृहात होतं. पेपरच्या प्रती मीच झेरॉक्स करून, पिना मारून नेल्या. वाटल्यावर निघून जायचं होतं. मी गेले नाही. शेवटच्या रांगेत जाऊन बसले. एका शिपायानं विचारलं, "बाई, तुमचं काय काम?" मी म्हटलं, "ऐकायचं." तो बघतच राहिला.

जेवणानंतरची वेळ. पंखे घरघरत होते, पुढच्या रांगेतले दोघं-तिघं पेंगत होते. अध्यक्ष म्हणून बाहेरगावाहून प्रा. कालिंदी मिराशी आल्या होत्या. वयस्कर बाई, जाड भिंगाचा चष्मा, हातात लाल पेन. सर वाचत असताना त्यांचं लक्ष सरांकडं नव्हतं, हातातल्या प्रतीकडं होतं. पेन चालत होतं. मेहजबीन पहिल्या रांगेत होती. मला तिची फक्त पाठ दिसत होती, ताठ.

सरांचा आवाज चांगला होता. नाकारत नाही. त्यांनी माझं वाक्य वाचलं :

"'माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशीही सूप मांडीवर होतं. पोट आणि सूप, दोघांना एक मांडी पुरेना, तेव्हा मी सूप उशीवर ठेवलं आणि पोटाला म्हटलं, तू थांब जरा, आधी पान संपू दे.'"

सभागृहात कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. पेंगणारे जागे झाले. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मला त्या माणसाच्या तोंडातून ते वाक्य ओढून काढावंसं वाटलं. माझ्या मांडीवरचं सूप कुणी उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसावं, तसं ते होतं. टाळ्या पडल्या. सर पाणी प्यायले.

"प्रश्न?" मिराशीबाईंनी विचारलं. कुणीच हात वर केला नाही. "मग मीच विचारते. हरसूलकर, हे बाळंतपणाचं अवतरण फार सुंदर आहे. कुठलं हे?"

"एका विडी कामगार स्त्रीचं निवेदन आहे, मॅडम."

"ते कळलं. मी संदर्भ विचारतेय. तळटीप पाच. तत्रैव, पृष्ठ सतरा."

"हो, तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं? वर चार नंबरला तुमचा ग्रंथ आहे. म्हणजे हे तुमच्या ग्रंथात, पान सतरावर आहे?"

सरांनी प्रत उचलली. पान उलटलं. मग परत मागचं उलटलं.

"मी परीक्षण लिहिलं होतं तुमच्या ग्रंथाचं, म्हणून विचारते," मिराशीबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "माझ्या आठवणीप्रमाणे पान सतरावर तुमच्या सत्काराचं छायाचित्र आहे. आणि अवतरण तर प्रथमपुरुषी आहे. 'माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या.' कुणाच्या?"

आधी एक जण हसला. मग सगळं सभागृह. मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, "सर, पेढे कधी?" हास्याचा फवाराच उडाला. मी हसले नाही. मी मेहजबीनच्या पाठीकडं बघत होते.

सरही हसले, ओढूनताणून. "मॅडम, टंकनदोष आहे. हे डीटीपीवाले... आणि आमची ही विद्यार्थिनी, मेहजबीन नदाफ. हिला तत्रैव कसं वापरायचं तेही कळत नाही. काय करणार, येतात त्यातूनच घडवावी लागतात मुलं. मेहजबीन, उभी राहा. सॉरी म्हण मॅडमना."

येतात त्यातूनच. मी ऐकलं. तिनंही ऐकलं असणार. मी बाकावरून अर्धी उठले होते, पण ती माझ्या आधी उभी राहिली.

"मग बाळ, तू सांग," मिराशीबाई म्हणाल्या. "मूळ संदर्भ काय आहे?"

"मॅडम, ती एक निरक्षर बाई—" सर मध्ये बोलले.

"मी हिला विचारलंय."

मेहजबीननं एकदा सरांच्या ब्यागेकडं पाहिलं. खुर्चीवर होती ती ब्याग. आत तिचा अहवाल, बिनसहीचा. मला वाटलं, सॉरी म्हणेल. मनातल्या मनात मी तिला म्हणालेही, म्हण बाई, म्हणून टाक, मी काही मरत नाही. त्या क्षणी मला माझ्या नावापेक्षा ती पोर मोठी वाटली. देवाशपथ सांगते.

तिनं घसा खाकरला.

"येलदी," ती म्हणाली. मग थांबली, स्वल्पविरामाला थांबतात तशी. "राजेश्वरी. भिजलेलं पान. स्वतः प्रकाशित. सोलापूर. पृष्ठ सतरा."

संदर्भ द्यायचा तसा दिला. एक टिंब इकडंतिकडं नाही.

आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, सातवीतल्या आवाजात निघालं :

"हजर!"

सगळ्या माना मागं वळल्या. शिपाई दारातून आत आला. सर मला बघत राहिले, आधी न ओळखता, मग ओळखून. चेहऱ्यावर एकेक अक्षर उमटत गेलं.

"बाई... तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही... मग तुम्ही मला सांगायचं नाही का?"

"सांगत होते की सर," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात, टायपिंग करा. केलं. आणि निरक्षर कुणाला म्हणलालाव? तुमचा तो ग्रंथ मीच टाईप केलाय. शुद्धलेखनाच्या चुका मोजायच्या मी सोडून दिल्या होत्या."

ह्यावेळी कुणी हसलं नाही. मिराशीबाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. "येलदीबाई, पुस्तकाची एक प्रत मला हवी," म्हणाल्या. "विकत."

पुढं काय झालं म्हणाल, तर जे होतं तेच झालं. सही झाली नाही. मेहजबीनची नोंदणी रद्द झाली. चर्चासत्राचा ग्रंथ छापून आला, त्यात तो पेपरच नव्हता. छाट. सर पुढं कुठल्याशा समितीवर गेले, मोठे झाले, त्यांच्या सत्काराचे आणखी फोटो निघाले असतील. अन्यायाची फेड होते वगैरे मी मानत नाही, आणि जे मानतात त्यांनी एकदा कारखान्यातल्या चेकरसमोर उभं राहावं.

मेहजबीन दुसऱ्या गावी शाळेत शिकवायला गेली. मध्ये लग्न झालं, पोरगी झाली. फोन यायचा ईदला. मग एक दिवस दुकानात येऊन टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. दुसरं विद्यापीठ, दुसरी गाईड, पण विषय तोच, विडीच्या बायका.

"मीच करू?" मी विचारलं. "तुझ्या गावात काय टायपिंगवाले मेले का?"

"तुम्हीच, अक्का. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही."

मी कागद चाळले. चौथ्या पानावर तळटीप. येलदी, राजेश्वरी, भिजलेलं पान. खाली पुढची. येलदी, राजेश्वरी, भिजलेलं पान. त्याखाली पुन्हा तेच. पानामागून पान. मी चष्मा वर केला.

"हे काय गं? सगळीकडं पूर्ण नाव? इथं तत्रैव टाकतात, विसरलीस का?"

"एकसुद्धा तत्रैव टाकायचा नाही."

"पानं वाढतील की."

"वाढू दे," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

मला एकदा टाईप करून बाकी ठिकाणी चिकटवता येत होतं. दोन कळांचं काम. मी तसं केलं नाही. दर वेळी आडनावापासून सुरुवात केली.